सातवा परिच्छेद

"नुकसान काय झालं ते लिहा, गावडे मॅडम. नुकसान दाखवल्याशिवाय वरचे लोक नवीन कॉम्प्युटर देणार नाहीत."

देशकर साहेबांनी परत आलेली फाइल टेबलावरून सुभद्राकडे सरकवली. वरच्या कार्यालयाचा शेरा एका ओळीचा होता: सध्याची यंत्रणा चालू आहे, ती बदलण्यास सबळ कारण दिसत नाही. गेल्या वर्षी हाच शेरा होता, त्याच्या आदल्या वर्षीही.

"मशीन बंद पडतं, लाईट गेली की अडकतं, हे सगळं आपण लिहिलंय," साहेब म्हणाले. "त्यांना त्याचं काही वाटत नाही. अडकतं तर पुन्हा सुरू करा म्हणतात. या मशीनमुळे खात्याचं कधी काही बिघडलं का? एखादी गस्त रद्द झाली, एखादं इंजीन जळलं, असं काही?"

सुभद्रा उभीच होती. तिनं फाइल उचलली नाही.

"नुकसान झालंय, साहेब," ती म्हणाली.

"काय?"

"माणूस गेला."

साहेबांनी चष्मा काढला. नागपूरकडचे, बदली होऊन आलेले. त्यांना इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. गावडे मॅडमचा नवरा याच डेपोत कामाला होता, कामावर असताना गेला आणि मॅडम अनुकंपेवर लागल्या, एवढं त्यांना ठाऊक होतं. कसा गेला हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि सुभद्रानंही आपणहून कधी सांगितलं नव्हतं.

"बसा," ते म्हणाले.

आचऱ्याच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथं हा डेपो होता. संरक्षण खात्याचा, पण अगदी लहान. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या बोटींना लागणारं सामान इथं ठेवायचं आणि मागणी आली की द्यायचं. दोर, बॅटऱ्या, इंजिनाचे सुटे भाग, रंग, आणि लाइफ जॅकेटं. जॅकेटं साधी नव्हती. त्यांना गॅसचा छोटा सिलेंडर असायचा. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढायची, जॅकेट फुगायचं. त्या सिलेंडरला मुदत होती. वरची छापील तारीख खाऱ्या हवेनं दोन पावसाळ्यांत पुसून जायची, मग कुठलं जॅकेट चांगलं आणि कुठलं मुदत संपलेलं, हे फक्त कॉम्प्युटर सांगू शकायचा.

आणि कॉम्प्युटरला आजची तारीख आठवत नसे. बंद करून सुरू केला की तो थेट दोन हजार तीन सालात जायचा. आतली बॅटरी दोनदा बदलून झाली होती, दोष मुख्य बोर्डातच होता. ते बोर्ड आता कुठं बनत नव्हतं, आणि डेपोतलं सामान नोंदवायचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालत नव्हता. मालवणातला दुकानदार म्हणाला होता, हाडून दाखवा, बघतंय. पण खात्याचं मशीन गेटाबाहेर न्यायला परवानगी नव्हती आणि बाहेरच्या माणसाला गेटाच्या आत यायला नव्हती. मग सकाळी जो पहिला येई, तो तारीख हातानं लावी. दिवसा लाईट गेली की पुन्हा लावायची. कुणी विसरला, तर मशीनच्या लेखी दोन हजार तीन साल चालू असायचं आणि डेपोतल्या कुठल्याच वस्तूची मुदत संपलेली नसायची.

तिचा नवरा, सुशांत, इथं भांडारात मदतनीस होता. पावसाळा सरत आलेला, समुद्र अजून खवळलेला. त्या दिवशी दुपारी लाईट गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेवढ्यात निरोप आला की एक मासेमारी ट्रॉलर खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलाय, माणसं आत आहेत, बोट काढा. बोटीवरचा एक माणूस तापानं घरी होता. सुशांतनं घाईघाईनं मशीन सुरू केलं, जॅकेटांची यादी बघितली, चार जॅकेटं काढली. तिघांना तीन दिली. चौथं स्वतः घातलं आणि कमी असलेल्या माणसाच्या जागी बोटीत चढला.

तो खाडीकाठचा नव्हता. कसालकडच्या भातशेतीच्या घरातला, पोहणं विहिरीपुरतं. खाडीच्या तोंडाशी लाटेनं बोट उलटली. तिघांनी बोटीचा काठ धरला. सुशांत लांब फेकला गेला. त्यानं दोरी ओढलेली तिघांनीही पाहिली. जॅकेट फुगलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजच्यासारखी, कुणीतरी मशीनची तारीख नीट लावली. चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांनी यादी उघडली. चारही जॅकेटांसमोर लाल अक्षरांत 'मुदत संपलेली' असं होतं. समितीनं लिहिलं: सामान देणाऱ्या कर्मचाऱ्याने यंत्रणेने दिलेली सूचना दुर्लक्षित केली. सामान देणारा कर्मचारी आणि मयत कर्मचारी एकच असल्याने पुढील कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.

सुभद्रानं हे सगळं सांगून संपवलं तेव्हा देशकर साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर सुरूच्या झाडांखाली कुणीतरी दोर वाळत घातले होते.

"हे लिहू शकाल तुम्ही?" त्यांनी विचारलं. "नाही जमलं तर मी लिहितो."

"मीच लिहिते," ती म्हणाली.

लिहायला तिला आठवडा लागला. टिपणीची भाषा तिनं जुन्या फायली वाचून उचलली होती. पहिले सहा परिच्छेद मशीनच्या दुखण्याचे झाले, शेवटचे दोन नव्या मागणीचे. सातवा सुशांतचा. त्यात तिनं नाव घातलं नाही, 'एक कर्मचारी' एवढंच लिहिलं. वाक्यं छोटी ठेवली. लाईट गेली. मशीन पुन्हा सुरू झालं. मशीनची तारीख मागे गेली. मशीननं मुदत संपलेलं जॅकेट योग्य म्हणून दाखवलं. कर्मचाऱ्यानं मशीनवर विश्वास ठेवला. सातव्याचं शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ती उठून नळावर गेली आणि तोंड धुऊन आली.

युसूफभाई मुजावर पलीकडच्या टेबलावर होते. डेपोतले सगळ्यात जुने भांडारपाल, आणि सुशांतचे दोस्त. दोघांनी एकत्र डबे खाल्ले होते. ईदेला सुशांत त्यांच्या घरी आणि गणपतीत ते सुशांतच्या घरी, हे ठरलेलं. त्यांनी कागद चष्म्यासमोर धरून सावकाश वाचला.

"बराबर लिवलास, वैनी," ते म्हणाले. "मी थयच होतंय. तेना स्क्रीनार बघल्यान, माका म्हणालो, युसूफ, चारय बरी आसत. चौकशीत मी तेंका दोनदा सांगलंय. तेनी लिवनच घेवक नाय. म्हणतत, तू तेचो मित्र."

"आता तरी लिवला," सुभद्रा म्हणाली.

घरी लेकीला, संचिताला, मात्र ते पटलं नाही. ती सावंतवाडीला कॉलेजात होती, शनिवारी घरी यायची. आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, तशी ती हातातला तांब्या खाली ठेवून उभी राहिली.

"आये, म्हणजे आता बाबा कॉम्प्युटर घेवच्या कामाक इले?"

"तसा नाय गो."

"मग कसा? साहेब म्हणालो नुकसान दाखवा, आनी तू बाबांका दाखवलंस."

सुभद्रानं भाकरी उलटली. एक बाजू करपली होती.

"चौकशीत काय लिवलेला आसा तां तुका म्हायत आसा," ती म्हणाली. "बाबांनी लाल अक्षरा बघून सोडून दिली, असा लिवलेला आसा. तां खोटा आसा, इतक्या खंयतरी लिवलेला व्हया माका. मी खंय लिवू? कोर्टात जावची ऐपत आसा आपली? माका ह्यो एक कागद गावलो."

"आनी तेनी मानला नाय तर?"

सुभद्रानं करपलेली भाकरी बाजूला काढली. संचितानं तांब्या उचलून पाणी प्यायलं आणि ताटं घेतली. निजायच्या आधी संचितानं एवढंच विचारलं, "नाव लिवलंस?"

"नाय."

"लिवूक होया होता," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

फाइल गेली. आंबे संपले, पाऊस आला. भातं लावून झाली. या दिवसांत गस्तीच्या बोटी कमी निघत, डेपोत कामही कमी असे. सुभद्रा रोज सकाळी तारीख लावी, मग टेबलावरच्या कॅलेंडरवर खूण करी, म्हणजे दुपारी लाईट गेली तर पडताळून बघता यावं. तिच्या टेबलाशेजारी तिनंच मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता: 'आधी तारीख बघा.' तरी एकदा ती आजारी पडून घरी राहिली तेव्हा कुणीच तारीख लावली नाही, आणि मुदत संपलेल्या दोन बॅटऱ्या तशाच बोटीवर गेल्या. बोट खाडीतच बंद पडली, ओढून आणली. त्या दिवशी समुद्र शांत होता म्हणून निभावलं. परत आल्यावर सुभद्रानं ते ऐकलं. ती किती तरी वेळ भांडाराच्या दारात बसून राहिली.

श्रावणात फाइल परत आली. देशकर साहेबांनी तिला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"या वेळी त्यांनी नाही म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "पण सातव्या परिच्छेदावर हरकत आहे. चौकशी समितीचा निष्कर्ष वेगळा आहे, तेव्हा एकतर परिच्छेद गाळा, नाहीतर चौकशी अहवाल सोबत जोडा."

"अहवाल जोडला तर?"

"तर ते म्हणतील, अहवालात मशीनचा दोष कुठंच नाही, चूक माणसाची आहे. मग मशीन बदलायचं कारणच उरत नाही. फाइल पुन्हा पुढच्या वर्षी." त्यांनी फाइल मिटली. "खरं सांगू का, मॅडम? मशीनचा दोष मानला, तर ते मशीन इतकी वर्षं कुणी चालू ठेवलं, हे विचारावं लागेल. ते कुणालाच विचारायचं नाही. मी वर फोन करून बोललो. तुमची बाजू मांडली. ते म्हणाले, देशकर, तुम्हाला कॉम्प्युटर पाहिजेत की इतिहास पाहिजे?"

साहेबांचा चेहरा उतरलेला होता. ते वाईट माणूस नव्हते. सुभद्राला त्यांचा राग आला नाही, आला असता तर सोपं गेलं असतं.

"गाळला तर मिळतील?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या आत. तसं तोंडी सांगितलंय."

"उद्या सांगते," ती म्हणाली.

युसूफभाईंना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "नाय काढूचा! वैनी, नाय म्हणजे नाय. आज तुमी तुमच्या हातान काढलास तर कायमचा गेला. मगे तेनी म्हणतीत, बायलेनच काढल्यान."

"बोटी आता भायर पडतल्यो, युसूफभाई."

"पडांदे."

"तुमी सांगा, कोणाक पाठवूचा मी त्या जॅकेटां घालून? एक दीस मी नसतंय तर बॅटऱ्यो तश्यो गेल्यो."

युसूफभाई खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना दिसले तशी सुभद्रा आपल्या टेबलाकडे वळली, त्यांना तिकडे तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं टिपणी उघडली. सातव्या परिच्छेदाच्या पहिल्या अक्षरावर आणून माऊस दाबला, शेवटपर्यंत ओढत नेला. सगळा परिच्छेद निळा झाला. बटण दाबणार तेवढ्यात लाईट गेली. काळ्या पडद्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. लाईट आली, मशीन कण्हत सुरू झालं, दोन हजार तीन साल दाखवू लागलं. त्या सालात सुशांतचं आणि तिचं लग्न नुकतंच ठरलेलं होतं. तिनं तारीख लावली. टिपणी पुन्हा उघडली. परिच्छेद तिथंच होता, धक्का न लागलेला. ती तो एकदा पहिल्यापासून वाचून गेली. मग पुन्हा निळा केला आणि या वेळी बटण दाबलं. खालचे परिच्छेद वर सरकले. आठवा सातवा झाला.

त्या जागी देशकर साहेबांनी स्वतः एक वाक्य घातलं: वीजपुरवठा वारंवार खंडित झाल्याने नोंदींमध्ये काही प्रसंगी तफावत आढळली आहे. सुभद्रानं ते टाइप केलं. 'तफावत' हा शब्द टाइप करताना तिची बोटं कुठंही अडखळली नाहीत, आणि त्याचंच तिला नंतर फार वाईट वाटलं.

शनिवारी तिनं संचिताला सांगितलं. रागावेल, बोलेल असं तिला वाटलं होतं. संचिता अंगणातल्या पायरीवर बसली होती. तिनं ऐकून घेतलं.

"माका ठावक होता," ती म्हणाली. मग, "तुका रडूक इला?"

"थय नाय इला. एस्टीत इला."

संचिता सरकून बसली. सुभद्रा तिच्या शेजारी पायरीवर टेकली. समोर शेजाऱ्यांचं भात पोटरीला आलं होतं. दोघी तिन्हीसांज होईपर्यंत तशाच बसून होत्या. कुणी दिवा लावायला उठलं नाही.

कॉम्प्युटर दसऱ्याच्या सुमारास आले. ट्रकवाला तळेऱ्याच्या तिठ्यावर चुकून विजयदुर्गच्या रस्त्याला लागला होता, त्याला फोन करकरून मागे फिरवावं लागलं. दोन मशीनं, लाईट गेल्यावरही तग धरणारा बॅटरीचा डबा, आणि नवा प्रोग्रॅम. वरून एक माणूस शिकवायला आला. देशकर साहेबांनी पेढे आणवले. युसूफभाईंनी आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

जुन्या नोंदी नव्या मशीनमध्ये भरायचं काम सुभद्राकडेच आलं. ते पुरं व्हायला महिना गेला. मुदत संपलेली जॅकेटं भांडारातून वेगळी काढून मागच्या खोलीत टाकली, नवे सिलेंडर मागवले. निम्म्यांचेच आले. जुनं मशीन भंगारात गेलं. ते हातगाडीवर घालून नेताना तिनं मान वर केली नाही, ती नोंदी भरत होती.

नोव्हेंबरात एका सकाळी बोट निघायची होती. सर्वेश तांडेल जॅकेटं न्यायला आला. तिशीतला, देवगडकडचा, बोटीवर नवा लागलेला. सुभद्रानं त्यानं शेल्फावरून काढलेल्या जॅकेटाचा नंबर मशीनमध्ये घातला. त्याची मुदत त्याच आठवड्यात संपली होती, मशीननं ते नाकारलं.

"ह्यां नाय," ती म्हणाली. "दुसरां हाडतंय."

"चलात हो, मॅडम. जावन येवचा तर आसा. दर्या तेलासारखो आसा आज."

"मशीन नको म्हणता."

"मशीनाक काय कळता?"

ती आत गेली आणि नवा सिलेंडर लावलेलं दुसरं घेऊन आली. त्याचा नंबर घातला, मशीननं हिरवी खूण दिली. सर्वेशनं जॅकेट अंगात चढवलं, पट्टा तसाच लोंबता ठेवला. सुभद्रा टेबलामागून बाहेर आली आणि पट्टा त्याच्या छातीवर ओढून अडकवू लागली. तो थोडा संकोचला.

"तुमचे मिस्टर हयच होते मां कामाक?" त्यानं विचारलं.

"होय."

"आयकलंय मी बोटीर." तो मनात काही न ठेवता, हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होता. "तेंनी म्हणे तारीख बघूक नाय."

सुभद्राचा हात पट्ट्यावर थांबला. पलीकडे युसूफभाईंनी मान वर केली.

"बघलेल्यानी," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. तिनं पट्टा खाचेत बसवला, एकदा ओढून बघितला.

"तेंनी तारीख बघलेल्यानी."

सर्वेश तिच्याकडे बघत राहिला. मान खाली घालून त्यानं जॅकेटाची कड उलटली, सिलेंडर उजेडाकडे वळवला आणि त्यावरचे आकडे ओठ हलवत वाचले.

"बरां आसा," तो म्हणाला.

"जा," सुभद्रा म्हणाली, आणि टेबलामागे जाऊन तिनं पुढच्या जॅकेटाचा नंबर घालायला घेतला.